बाटलीच्या झाकणातलं रबर

परवा रात्री लेकीने तिची पाण्याची बाटली माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाली, आई, पाण्याला कसलातरी वास येतोय. मी बाटली नाकाला लावून बघितली, मला काही कळलं नाही, म्हटलं अगं आज सकाळीच धुतलीय की, तुझं आपलं काहीतरीच. पण ती हटून बसली, बाटलीला नाही गं, झाकणाला येतोय म्हणाली. मग झाकण उजेडात धरलं, उलटं केलं. दिसायला एकदम स्वच्छ. आत ते गोल पांढरं रबर असतं ना, पाणी गळू नये म्हणून बसवलेलं, ते नखाने उचलायला गेले तर निघेना. शेवटी सेफ्टी पिन घालून हळूच उचकटलं, मागची बाजू वर आली आणि माझ्या पोटात ढवळलं. रबराच्या मागे गोलाकार काळा थर. बोटाला लागला तर ओला, बुळबुळीत, आणि वास आता मलाही आला, ओलं फडकं बंद कपाटात आठवडाभर राहिलं की येतो तसा कुबट. ज्या खाचेत ते रबर बसतं तिथेही तेच.

ही बाटली ती वर्षभर वापरतेय. रोज धुतली जाते, साबणाने, ब्रश घालून, मी स्वतः धुते. ते रबर निघतं हेच मला माहीत नव्हतं. म्हणजे वर्षभर माझी मुलगी त्या काळ्या कडेवरून आलेलं पाणी पीत होती, आणि मीच रोज तिच्या मागे लागत होते की पाणी पी, बाटली संपव. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय म्हणून लिहायला बसले.

मला हे जास्त लागलं कारण मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकलेय. पुढे त्यात नोकरी वगैरे केली नाही, पण तीन वर्षं अगार (जंतू वाढवायला वापरतात तो जेलीसारखा घट्ट थर) बशांमध्ये ओतलंय, अशा प्लेटांवरचे जंतूंचे ठिपके मोजलेत, आणि दुसऱ्या वर्षाचं एक प्रॅक्टिकल तर अजून जसंच्या तसं डोळ्यासमोर आहे. आमच्या मॅडम म्हणाल्या, आज बाहेरून काही सॅम्पल आणायचं नाही, तुमच्या अंगावरची किंवा बॅगेतली एकेक वस्तू काढा. कुणी किल्ली काढली, कुणी नाणं, कुणी चष्मा, एका मैत्रिणीने मेकअपचा स्पंज, मी हातातलं घड्याळ, चामड्याच्या पट्ट्याचं. वस्तू अगारवर हलकीच टेकवायची, उचलायची, झाकण लावायचं, मागे नाव लिहायचं, प्लेट उलटी करून इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे उबदार पेटीत, ३७ डिग्रीला, २४ तास.

(अगारवरून आठवलं, ही अगारची कल्पना कुठल्या मोठ्या शास्त्रज्ञाची नाही, फॅनी हेसे नावाच्या बाईंची आहे. नवरा रॉबर्ट कॉख या जर्मन जंतुशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करायचा, त्याच्या जिलेटिनच्या प्लेटा उन्हाळ्यात वितळून जायच्या, तर या बाई घरी जेलीत अगार घालायच्या आणि ती गरमीत पण घट्ट राहायची, म्हणून त्यांनी सुचवलं की हेच वापरून बघा. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. १८८७ मध्ये पेट्री नावाच्या माणसाने ती झाकणाची बशी काढली, तिला त्याचं नाव मिळालं आणि जगभर झालं, अगारला मात्र या बाईंचं नाव लागलंच नाही. मला याचं अजून वाईट वाटतं.)

दुसऱ्या दिवशी प्लेटा बाहेर काढल्या. सगळ्यांना वाटत होतं नाण्याची प्लेट भरून जाणार, कारण नाणं म्हणजे हजार हातांतून फिरलेलं, सगळ्यात घाण. त्यावर तीन-चार ठिपके. किल्लीवर जवळपास काहीच नाही, पितळेची होती, आणि तांबं असलेल्या धातूवर बरेचसे जंतू काही तासांतच मरतात हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. चष्म्याच्या काचेवर थोडे, पण नाकावर टेकतात त्या दोन पॅडच्या जागी दोन दाट वर्तुळं. माझ्या घड्याळाच्या पट्ट्याचा तर हुबेहूब छाप उमटलेला, भोकांसकट, जंतूंच्या पांढऱ्या-पिवळ्या वसाहतींचा, म्हणजे ठिपक्यांचा. आणि मेकअपच्या स्पंजची प्लेट, त्यात ठिपके मोजायला जागाच नव्हती, अख्खा पृष्ठभाग एकसलग साय धरल्यासारखा. ती मैत्रीण एक शब्द बोलली नाही, सरळ तो स्पंज कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, आकडा मोजून घाबरू नका, आधी बघा वस्तू ओली राहते का, आणि मग बघा ती शेवटी कुठे टेकते.

हे वाक्य मी परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं आणि विसरून गेले. आता त्या रबरामुळे परत आठवलं, आणि खरं सांगते, या विषयावर मी आत्तापर्यंत जे काय वाचलंय त्या सगळ्याचं सार मला त्या एका वाक्यात दिसतं.

बॅक्टेरियाला वाढायला पाणी लागतं. कोरड्या वस्तूवर ते पडून राहतात, काही तासांनी काही दिवसांनी मरतात, वाढत मात्र नाहीत. ओल मिळाली, थोडं खाद्य मिळालं, ऊब मिळाली की गणितच बदलतं. ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या बॅक्टेरियाला सगळं अनुकूल असेल तर तो दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. एकापासून सुरुवात केली तर आठ तासांत २४ वेळा दुप्पट, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या वर. हे अर्थात प्रयोगशाळेतलं गणित, बाटलीच्या झाकणात इतकी चंगळ नसते, तिथे वाढ सावकाश होते, पण रात्र रोज येते आणि बंद झाकणाखालचं ते रबर कधीच वाळत नाही. आणि खाद्य म्हणाल तर आपण तोंड लावतो तेव्हा लाळ आणि खाल्लेल्याचे कण जातातच की.

बरं मग रोज साबणाने धुवून पण ते का गेलं नाही, हा प्रश्न नवऱ्याने विचारला. त्याचं कारण तो बुळबुळीतपणा. जंतू एकदा पृष्ठभागाला चिकटले की स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. आतले जंतू त्या आवरणात सुरक्षित असतात, वरून साबणाचं पाणी ओतलं तर वरचे जातात, आतले राहतात, आणि परत पसरतात. ही गोष्ट माणसाला कधी पहिल्यांदा दिसली माहितीये? लेवेनहूक म्हणून हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा एक कापडाचा व्यापारी होता, स्वतःच भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा. १६८३ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे शास्त्रज्ञांच्या संस्थेला, पत्र लिहून कळवलं की माझ्या दातांच्या फटीतल्या पांढऱ्या किटणात इवलेइवले जीव वळवळताना दिसतायत. नंतर त्याने त्यावर व्हिनेगर टाकून बघितलं, तर सुटे जीव मेले पण किटणाच्या आत असलेले जिवंतच राहिले, व्हिनेगर आत पोचलंच नाही. साडेतीनशे वर्षं होत आली या गोष्टीला आणि माझ्या घरातल्या बाटलीत तेच चाललं होतं. म्हणून बायोफिल्मला एकच उपाय, घासणं. नुसतं विसळणं, भिजवून ठेवणं, गरम पाणी ओतणं, याने समाधान होतं फक्त, आधी तो थर खरवडून निघायला हवा, आणि मग वस्तू पूर्ण वाळायला हवी. झाकण न लावता.

आता खरी गोष्ट सांगते जिच्यामुळे मी या विषयाकडे चेष्टा म्हणून कधीच बघू शकत नाही.

माझी ताई बरीच वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. नीटनेटकी बाई, तिच्या घरात एक कपडा इकडचा तिकडे दिसणार नाही. एके दिवशी सकाळी उठली तर उजवा डोळा लाल, खुपतोय. कचरा गेला असेल म्हणून पाणी मारलं. दुपारी उजेड सहन होईना. तिसऱ्या दिवशी डोळा उघडताच येत नव्हता, आणि फोनवर ती रडत होती, ताई रडत नाही कधी. आम्ही तिला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मशीनवर हनुवटी टेकवून डोळा बघितला, बुबुळावर पांढरट डाग होता, अल्सर. आणि त्यांनी औषधाआधी विचारलं, लेन्सची डबी कशाने धुता?

ताई म्हणाली, नळाच्या पाण्याने, रोज. स्वच्छ.

आणि सोल्युशन, म्हणजे लेन्स बुडवून ठेवायचं औषधी पाणी, रोज पूर्ण बदलता का असलेल्यातच वर थोडं घालता?

ताई गप्प झाली. वर घालत होती ती. बाटली लवकर संपू नये म्हणून.

त्यांनी भुलीचा थेंब टाकून बुबुळावरून हलकं खरवडून सॅम्पल घेतलं. त्यांना मुख्य भीती होती ती अकँथामिबाची. हा अमिबा नळाच्या पाण्यात, मातीत, टाक्यांमध्ये राहतो, प्यायलो तर आपल्याला सहसा काही होत नाही, पण लेन्सखाली अडकून बुबुळात शिरला तर भयंकर दुखणं, आणि वर कवच करून बसतो म्हणून औषधाला दाद देत नाही, महिनोन् महिने उपचार चालतात, काही लोकांची नजर जाते. ताईचं नशीब, तो नव्हता. स्यूडोमोनास निघाला, हा बॅक्टेरिया, पाण्याचा आणि ओलसर जागांचा लाडका, आणि हा पण काही साधा नाही, वेळेवर औषध नाही मिळालं तर दोन-तीन दिवसांत बुबुळ खाऊन टाकू शकतो. पहिले दोन दिवस दर तासाला थेंब, दिवसरात्र. मी आणि जिजू आळीपाळीने गजर लावून उठायचो, मध्यरात्री एक, दोन, तीन, चार, ती झोपेत कण्हायची आणि मी पापणी उचलून थेंब टाकायचे. डोळा वाचला. पण बुबुळावर एक बारीक पांढरा वण राहिलाय आणि रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे तिला त्या डोळ्याने फुटल्यासारखे दिसतात.

ती डबी केवढी असते, दोन बोटांत मावते. म्हणून जे लेन्स वापरतात त्यांना हात जोडून सांगते, डबीला आणि लेन्सला पाणी लावू नका, कुठलंच, फिल्टरचं नाही आणि उकळलेलं पण नाही. सोल्युशन दर वेळी पूर्ण ओतून द्या, नवीन घाला. डबी सोल्युशननेच आतून बोटाने चोळून धुवा, पुसा, आणि झाकणं उघडी ठेवून उपडी वाळवा. तीन महिन्यांत डबी फेकून नवीन घ्या. लेन्सला हात लावायच्या आधी हात धुवायचे आणि पुसून कोरडे करायचे, ओल्या बोटाने लेन्स उचलली की पाणी गेलंच आत. लेन्स घालून अंघोळ नाही, पोहणं नाही, झोपणं नाही. आणि डोळा लाल झाला तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उद्या बघू म्हणू नका.

डोळ्यांवरूनच मेकअपचं पण सांगून टाकते. इंग्लंडमधल्या अ‍ॅस्टन युनिव्हर्सिटीने २०१९ मध्ये लोकांकडून त्यांच्या वापरातल्या लिपस्टिक, मस्कारा, मेकअपचे स्पंज वगैरे घेऊन तपासले होते, दहातल्या नऊ वस्तूंमध्ये जंतू मिळाले. स्पंजांपैकी ९३ टक्के एकदाही धुतलेले नव्हते आणि ६४ टक्के कधी ना कधी जमिनीवर पडलेले, तरी वापरात. ओला करून वापरायचा आणि मग झिपच्या पाऊचमध्ये कोंबायचा, दुसरं काय होणार. मस्कारा सुकला म्हणून त्यात पाण्याचा थेंब घालणाऱ्या मैत्रिणी मला माहिती आहेत, प्लीज नका करू. आणि दुसऱ्याच्या डोळ्याला लागलेली वस्तू आपल्या डोळ्याला लावू नका, कितीही जवळची मैत्रीण असली तरी.

फोनचं सगळ्यांना माहीत असतं म्हणून मी फार लांबवत नाही, पण एक आकडा सांगायलाच हवा. २०११ मध्ये लंडनच्या दोन विद्यापीठांनी मिळून ब्रिटनमधल्या १२ शहरांत ३९० नमुने घेतले, फोनचे आणि हातांचे. दर सहा फोनांमागे एकावर विष्ठेतला ई. कोलाय. हातांवर पण तेवढ्याच प्रमाणात. आणि त्याच लोकांपैकी ९५ टक्क्यांनी सांगितलं होतं की आम्ही शक्य तिथे साबणाने हात धुतो. मला यातलं फोन-हात हे समान प्रमाण महत्त्वाचं वाटतं. फोन काही स्वतःहून घाण होत नाही, तो आपल्या हातांचा आरसा आहे. आपण टॉयलेटमध्ये फोन नेतो, बाहेर येऊन हात स्वच्छ धुतो आणि धुतलेल्या हाताने तोच फोन उचलतो. झालं, धुतलेलं पाण्यात गेलं. आणि तो हात मग कुठे जातो? ऑस्ट्रेलियात मेडिकलच्या विद्यार्थ्यांचं वर्गात बसलेलं असताना शूटिंग करून मोजलं होतं, सरासरी तासाला २३ वेळा चेहऱ्याला हात, त्यातले जवळजवळ निम्मे स्पर्श डोळे, नाक, तोंड इथेच. ही डॉक्टर होऊ घातलेली मुलं.

आमच्याकडे आता फोन टॉयलेटच्या दाराबाहेर राहतो. मुलगा आधी कुरकुरला, आता सवय झाली. आणि रोज रात्री चार्जिंगला लावायच्या आधी कव्हर काढून, फोन बंद करून, ७० टक्के अल्कोहोलमध्ये थोडंसंच ओलं केलेल्या मऊ कापडाने पुसायचा, फोनवर थेट फवारायचं नाही. लोकांना वाटतं १०० टक्के अल्कोहोल जास्त भारी, तसं नाहीये, थोडं पाणी असेल तरच अल्कोहोल जंतूंची प्रथिनं नीट मोडतं, आणि निव्वळ अल्कोहोल तर काम व्हायच्या आत उडून जातं. कव्हर वेगळं साबणाने धुवायचं, कारण खरा मळ कव्हर आणि फोनच्या मधल्या फटीत असतो. इअरफोनचे रबरी बोंड काढून तसंच, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवायचे नाहीत, कानात ओल गेली की कान ठणकलाच म्हणून समजा.

बॅगेचा विचार मात्र मी कधी केलाच नव्हता, जोपर्यंत अमेरिकेतली ती एक घटना वाचली नव्हती. २०१० मध्ये ओरेगनमधल्या मुलींची एक फुटबॉल टीम शेजारच्या राज्यात स्पर्धेला गेली होती. हॉटेलात एका मुलीला रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले, नोरोव्हायरस. ती ज्या बाथरूममध्ये होती तिथे एक पिशवी ठेवलेली होती, परत परत वापरायची असते तसली, खाऊच्या पाकिटांनी भरलेली. त्या मुलीने पिशवीला हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्या दिवशी ती घरी गेली. तीच पिशवी मग बाकीच्या मुलींच्या खोलीत गेली, जेवताना त्यातली पाकिटं वाटली गेली, आणि त्यानंतर एकामागोमाग एक मुली आजारी. तपास करणाऱ्यांनी दोन आठवड्यांनी पिशवी तपासली तर बाहेरच्या बाजूवर व्हायरसचे अंश सापडले. म्हणजे उलटी झाली तेव्हा हवेत उडालेले बारीक तुषार त्या पिशवीवर बसले होते, बस एवढंच. नोरोव्हायरसचे अगदी थोडे कण पोटात गेले तरी पुरतं, आणि सॅनिटायझर त्याच्यावर फारसं चालत नाही, साबण-पाणीच लागतं.

तेव्हापासून कुठल्याही टॉयलेटमध्ये माझी पर्स जमिनीवर टेकत नाही. खुंटी नसली तर गळ्यात. आणि घरी आल्यावर पर्स जेवायच्या टेबलावर किंवा बेडवर नाही, दाराशी खुर्ची आहे तिथेच. लेकीची शाळेची बॅग महिन्यातून एकदा रिकामी करून, उलटी झटकून, तळ घासून धुतो आणि उन्हात घालतो.

फ्लशचं पण तेच. २०२२ मध्ये कोलोरॅडो युनिव्हर्सिटीच्या इंजिनियर लोकांनी हिरवा लेझर टाकून फ्लशचे तुषार दाखवले होते, उघड्या कमोडमधून सेकंदाला दोन मीटर वेगाने वर येतात, आठ सेकंदांत दीड मीटर उंच. ते चित्र बघितलं आणि उठून आमचे टूथब्रश कमोडजवळच्या फळीवरून काढून लांब नेले. पण ब्रशला प्लॅस्टिकचं टोपण घालून ठेवू नका बरं का, मी आधी तेच करायचे. टोपणाखाली ब्रश वाळत नाही, आणि मग परत तीच ओल. उभा ठेवायचा, उघडा, एकमेकांना ब्रिसल टेकणार नाहीत असा, तीन-चार महिन्यांनी बदलायचा. आणि ब्रश उभे करतो तो कप तळातून एकदा बघा. मी एवढंच म्हणेन.

टॉवेल आणि भांडी घासायचा स्पंज यांचा तो विशिष्ट वास असतो, धुतलेला टॉवेल असूनही तोंड पुसताना येतो तो, त्यामागे बऱ्याचदा मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा बॅक्टेरिया असतो. जर्मनीतल्या फुर्टवांगेन युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये घरांमधून १४ वापरलेले स्पंज गोळा करून तपासले तर त्यातही हा भरपूर होता, आणि काही जागी एका घन सेंटीमीटरमध्ये ५,४०० कोटी जंतू. गंमत म्हणजे जे लोक स्पंज उकळून वगैरे घ्यायचे त्यांच्या स्पंजात जंतू कमी नव्हते. त्या संशोधकांचा सल्ला एकच, ठरावीक दिवसांनी फेकून द्या. मी आता आठवड्याला बदलते. टॉवेल माणशी वेगळा, रोज पसरून वाळत, दाराच्या मागे घडी करून अडकवलेला टॉवेल वाळत नाही, बाहेरून कोरडा लागतो आणि घडीत ओला असतो.

आणि एक मात्र ओल वगैरे काही न बघता पक्कं, रेझर, नेलकटर आणि टूथब्रश कुणाचा वापरायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. नवरा-बायको असला तरी. हिपॅटायटिस बीचा व्हायरस शरीराबाहेर, कोरड्या रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबात, कमीत कमी सात दिवस जिवंत राहतो. दाढी करताना कापलेलं दिसत पण नाही आपल्याला. लस आहे याची, घेतली नसेल तर घ्या.

इतकं सगळं वाचून कुणी घर सॅनिटायझरने धुवायला काढेल म्हणून हेही लिहिते. आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया राहतात, आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षा थोडे जास्तच, आणि त्यातले बहुतेक आपलं काही वाईट करत नाहीत, उलट त्यांच्यामुळे वाईट जंतूंना जागा मिळत नाही. दहातल्या तीन माणसांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा बॅक्टेरिया असतो आणि ती ठणठणीत असतात, आमच्या प्रॅक्टिकलला माझ्याच नाकातून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्याने गुलाबी मॅनिटॉल सॉल्ट अगार (हा जंतू ओळखायला वापरतात ते) पिवळं केलं होतं. कोरोनात आपण सामानाची पाकिटं न् पाकिटं धुतली, मी पण धुतली, हात सोलवटेपर्यंत, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं की अशा वस्तूला हात लागून तो आजार व्हायची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा कमी. कारण तो हवेतून पसरणारा होता. प्रत्येक जंतूचा रस्ता वेगळा असतो. अँटीबॅक्टेरियल म्हणून जो साबण मिळायचा त्यातल्या ट्रायक्लोसानसकट १९ रसायनांवर अमेरिकेत २०१६ मध्ये बंदी आली, कारण साध्या साबणापेक्षा ती काही जास्त करतात हे कंपन्यांना सिद्धच करता आलं नाही. साधा साबण, वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यात आणि अंगठीखाली पण. अंगठी काढून धुतलीत तर उत्तमच, तिच्याखालची कातडी कायम ओलसर असते.

किल्ल्या, पेन, नाणी, दाराच्या कड्या, यांच्यामागे मी लागत नाही. कोरड्या वस्तू आहेत, घरात कुणी आजारी असेल तेव्हा पुसते, बाकी हात धुतले की झालं.

ते रबर मी त्या रात्री फेकलं. नवीन मागवलंय, तोपर्यंत लेक स्टीलचा पेला घेऊन फिरतेय घरभर. काल मी घरातल्या सगळ्या बाटल्या ओट्यावर मांडल्या, नवऱ्याची जिमची, मुलाची, माझी ऑफिसची, आणि आम्ही दोघी सेफ्टी पिन घेऊन बसलो. पाचपैकी चार झाकणांत रबर निघालं, तीन काळी होती. माझ्या बाटलीला चोखायची नळी आहे, ती उभी कापून बघितली तर आत वरपासून खालपर्यंत गुलाबी थर, ती टाकूनच दिली. बाकीची रबरं लेकीने जुन्या ब्रशने घासली, दोन्ही बाजूंनी, मग खाचा घासल्या, आणि फडक्यावर ओळीने वाळत ठेवली. सकाळी मी झाकण लावायला गेले तर तिने रबर उचलून गालाला लावून बघितलं आणि म्हणाली, थांब, अजून ओलं आहे.